आपलं कुलूप, आपली किल्ली

मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी चौथ्यांदा फरशीवर उलटी केली. पाने, पकडी, टेस्टर, टॉर्च, ग्रीसची डबी, तेलकट फडकी, सगळं होतं. गळ्यातल्या काळ्या दोरीला किल्लीही होती. त्या किल्लीचं कुलूप तेवढं नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं कुलूप आणलं असतं आणि विषय संपवला असता. मिस्त्री लिफ्टदुरुस्तीतले होते. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या भुयारातून वर-खाली जाते तिथे, उतरायचं असलं की आधी गच्चीवरच्या मशीनरूममधला मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली गळ्यात घालायची. काम संपून अंग बाहेर आलं की आपल्याच हातानं ते काढायचं. स्विचला कुलूप आहे याचा अर्थ आत माणूस आहे. मग खाली रांग लागो, लोक शिव्या घालोत, सोसायटीचे सेक्रेटरी येऊन थयथयाट करोत, ते कुलूप दुसऱ्यानं उघडायचं नाही, आणि तोडायचं तर स्वप्नातसुद्धा नाही.

हा नियम कंपनीत मिस्त्रींनीच आणला होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांचा जोडीदार शाफ्टमध्ये असताना, लोक खोळंबलेत म्हणून कुणीतरी भल्या मनानं स्विच चालू केला होता. जोडीदाराला बाहेर काढायला मिस्त्रीच उतरले होते. त्यानंतर वर्षभर त्यांनी ऑफिसचे उंबरठे झिजवले, साहेबलोकांना हैराण केलं आणि शेवटी नियम छापून घेतला. जो दुसऱ्याचं कुलूप उघडेल किंवा आपलं कुलूप मागे विसरून जाईल, त्यानं पुन्हा लिफ्टला हात लावायचा नाही. माफी नाही, दुसरी संधी नाही. या नियमाखाली आजवर दोघं घरी बसले. त्यातला एक बायकोला घेऊन मिस्त्रींच्या दारात आला होता. मिस्त्रींनी दोघांना पाणी दिलं. त्यापलीकडे काही दिलं नाही, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही.

तेव्हा कुलूप पिशवीत नाही याचा अर्थ सरळ होता. ते कुठल्या तरी स्विचवर होतं, आणि कालपासून कुठल्या तरी इमारतीतली लिफ्ट उभी होती.

त्यांनी कालचा दिवस आठवायला घेतला. सकाळची इमारत स्वच्छ आठवत होती, तिथल्या वॉचमनची फुटकी खुर्चीसुद्धा. दुपारी डबा खाल्ला. समोर त्यांच्याच हाताखाली काम करणारे जावई बसले होते, त्यांनी स्वतःच्या डब्यातलं लोणचं पुढे केलं. त्यानंतर एकदम घर. हातात चहाचा कप आणि दारात मुलगी, धावत आल्यासारखी धापा टाकणारी. मधली दुपार नव्हतीच. कुणीतरी मधलं पान फाडून नेलं होतं.

अशी पानं जायला लागून वर्ष होत आलं होतं. मिस्त्री त्याला वय म्हणायचे. हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्याखाली काय काय झाकता येतं याला गणतीच नाही, आणि झाकणाऱ्याला कुणी हटकत नाही, उलट सगळे मान डोलावतात.

त्यांनी टेबलावरची वही ओढली. त्यात कालची काही नोंद असली तर. वहीत नोंद नव्हती, भाषण होतं. दोन महिन्यांनी ते निवृत्त व्हायचे होते, आणि वय माणसाला काय शिकवतं यावर त्यांनी नव्या लोकांपुढे अर्धा तास बोलावं असं ऑफिसनं ठरवलं होतं. मिस्त्रींना भाषणबिषण आवडत नव्हतं, पण त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. रोज थोडं थोडं लिहीत होते. पहिलं वाक्य होतं, ‘कुणाच्या तोंडच्या शब्दावर विसंबून शाफ्टमध्ये उतरू नका. आपलं कुलूप, आपली किल्ली.’ दुसरं, ‘घाई करणाऱ्याला आधी पाणी पाजा.’ तिसरं, ‘ज्याला चूक कबूल करता येत नाही त्याच्याबरोबर उंचीवर काम करू नका.’ चौथं पुन्हा पहिलंच होतं. सातवंही. पुढच्या पानावर तेच वाक्य आणखी तीनदा होतं, प्रत्येक वेळी सुरेख अक्षरात, खाली रेघ मारून. मिस्त्रींनी पान उलटलं. त्यांना त्यात काही खटकलं नाही.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. एव्हाना ती कामावर असायला हवी होती.

"काय शोधताय?"

"कुलूप. जावईबापूंना फोन लाव जरा. काल दुपारनंतर आम्ही कुठं होतो ते विचार. लिफ्ट बंद पडून राहिली असेल कुठली तरी."

तिनं फोन लावला नाही. ती खाली बसली आणि पसरलेले पाने एकेक करून फडक्यावर मांडायला लागली, मोठ्यापासून लहानापर्यंत, त्यांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं तसं.

"स्विचवर नाहीये ते आता," ती म्हणाली. "ह्यांनी तोडलं काल."

मिस्त्रींना आधी काय वाटलं हे सांगायलाच हवं, कारण पुढे त्यांना स्वतःलाच त्याची लाज वाटली. त्यांना राग आला. डोक्यात तिडीक गेली. पोटची मुलगी ज्या माणसाला दिली, ज्याला स्वतः हाताला धरून काम शिकवलं, जावई म्हणून शाफ्टमध्येसुद्धा ज्याला कधी अरे-तुरे केलं नाही, "अहो जावईबापू, अक्कल घरी ठेवून आलात का" असं अदबीनंच झापलं, त्यानं कुलूप तोडलं. तेही सासऱ्याचं.

"कटरनं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझं कुलूप. मी आत असेन हे त्यांच्या डोक्यात नाही आलं?"

मुलीनं हातातला पाना खाली ठेवला. मग तिनं सांगितलं. ती भराभर बोलत होती, पाठ केल्यासारखं, आणि त्यांच्याकडे न बघता.

काल दुपारी ते दोघं आठ मजल्यांच्या त्या जुन्या इमारतीत होते. साडेतीनला दुसरीकडून फोन आला, तिथे दार अडकून आत माणसं कोंडली होती, म्हणून जावई तिकडे गेले. मिस्त्रीच म्हणाले होते, जा, मी एवढा ब्रेक तपासतो आणि घरी जातो. सातव्या मजल्यावरच्या बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, आज किती वेळ बंद. मिस्त्रींनी सांगितलं होतं, पाऊण तास. या बाई मिस्त्रींना माहीत होत्या. तुमची लिफ्ट माझ्यापेक्षा जास्त खोकते, असं त्या दर महिन्याला म्हणायच्या, आणि मिस्त्री सांगतील ती वेळ घड्याळात बघून ठेवायच्या, कारण हृदय अधू होतं आणि डॉक्टरांनी जिना चढणं-उतरणं बंद केलेलं होतं. मिस्त्रींचा पाऊण तास कधी पन्नास मिनिटांचा झाला नव्हता.

पावणेसहाला बाईंच्या छातीत कळ आली. लिफ्ट बंदच होती. वॉचमननं कंपनीला फोन केला, कंपनीनं जावयांना. ते सहाला पोचले, आठ मजले चढून मशीनरूममध्ये गेले, आणि समोर मेन स्विचला मिस्त्रींचं कुलूप.

"तुम्हाला सतरा फोन केले त्यांनी," मुलगी म्हणाली. "तुम्ही घरात झोपला होता, फोन पिशवीत. मला केला, मी वाटेत होते. त्यांना वाटलं तुम्ही आत पडलात. हाका मारल्या. लिफ्टच्या टपावर उतरून बघितलं. मग खाली शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरले, तिथलं ते तेलकट पाणी, त्यात हातांनी चाचपत होते. अर्धा तास ते तुम्हाला शोधत होते, बाबा. मेलेले."

मिस्त्रींनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

"मी साडेसहाला घरी आले तर तुम्ही चहा घेत बसला होता. मी फोन करून सांगितलं, बाबा इथं आहेत. मग त्यांनी कुलूप तोडलं."

"आणि बाई?"

"लोकांनी खुर्चीवरून खाली न्यायला घेतलं होतं. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये गेल्या. डॉक्टर म्हणाले, लिफ्ट चालू असती तरी काही सांगता आलं नसतं. पण ते तसं म्हणतातच."

फरशीवरचे पाने ओळीत लागले होते. मिस्त्रींनी त्यातला एक उचलला, फडक्यानं पुसला आणि परत ठेवला. मग दुसरा उचलला. त्यांना रडू येत नव्हतं. त्यांना बाईंचा चेहरा आठवायचा होता आणि तो येत नव्हता, नुसता आवाज येत होता, किती वेळ, किती वेळ. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची भीती वाटली. एखाद्या परक्या माणसाची वाटावी तशी.

"जावईबापू कुठं आहेत?"

मुलगी उठून पाणी आणायला गेली आणि पाणी न घेताच परत आली. मग तिनं उरलेलं सांगितलं, आणि ते बाईंच्या मरणापेक्षा अवघड गेलं. जावई सकाळीच ऑफिसला गेले होते. तिथे दहा वाजता चौकशी होती. त्यांनी काल घरी येऊन स्वतःचं कुलूप काढलं, बाल्कनीत बसून कटरनं त्याची कडी तोडली, आणि आज तेच साहेबांपुढे ठेवणार होते. कुलूप माझं होतं, मी विसरलो, किल्ली घरी होती म्हणून तोडलं, मिस्त्री तर तीन वाजताच निघून गेले होते. मिस्त्रींचं तुटलेलं कुलूप त्यांनी येताना कचऱ्यात टाकलं होतं.

"त्यांना घरी बसवतील," मिस्त्री म्हणाले.

"हो."

"पुन्हा कधीच लिफ्टवर घेणार नाहीत. कुठलीच कंपनी घेणार नाही. मीच तो नियम..."

"माहितीये मला बाबा, कुणी केला ते. लहानपणापासून ऐकतेय." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि लगेच उतरला. "मला कुणी विचारलं नाही. त्यांनीही नाही विचारलं, ठरवून मोकळे झाले. म्हणाले, दोन महिने राहिलेत त्यांचे, चौतीस वर्षांचं नाव आहे, त्याला डाग नको. गेलं वर्षभर तुमच्या मागनं फिरून कुलपं बघतात ते, तारा बघतात, तुम्ही लावलेलं परत उघडून लावतात. फक्त काल दुपारी बाजूला गेले. आता मी कुणाच्या बाजूनं बोलू? तुम्ही जाऊ नका म्हणू, का जा म्हणू?"

मिस्त्रींना हे वर्षभराचं माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, जावई जरा मंद आहेत, एकेक गोष्ट दोनदा तपासतात. त्यावरून त्यांनी चारचौघांत त्यांची टिंगलही केली होती. जावई हसायचे.

ते उठले, शर्ट बदलला, चपला घातल्या. मुलगीही चपला घालायला लागली.

"मी काय कुकुलं बाळ आहे? ऑफिस माहितीये मला."

"मला तिकडंच काम आहे," ती म्हणाली. दोघांनाही ठाऊक होतं की तिला तिकडे कसलंही काम नव्हतं. गेले कित्येक महिने तिला ते जातील तिथेच काम निघत होतं, हेही मिस्त्रींच्या आता लक्षात आलं.

रस्ताभर त्यांनी एक वाक्य घोकलं. कुलूप माझं होतं, मी विसरलो. कुलूप माझं होतं, मी विसरलो. सिग्नलला थांबले तरी ओठ हलत होते. मुलीनं त्यांचा हात धरला नाही, फक्त त्यांच्या आणि गाड्यांच्या मधून चालत राहिली.

सुरक्षा अधिकाऱ्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. साहेब पन्नाशीचे होते. नोकरीला लागले तेव्हा सहा महिने मिस्त्रींच्या हाताखाली त्यांनी ग्रीसचे डबे वाहिले होते, आणि अजूनही मिस्त्री आत आले की ते खुर्चीतून उठत. आजही उठले. टेबलावर एक तुटकं कुलूप होतं आणि त्याच्या बाजूला किल्ली. समोर जावई बसले होते. त्यांच्या दोन्ही कोपरांना खरचटलं होतं, आणि नखांत कालचं काळं अजून तसंच होतं.

"बाबा, तुम्ही कशाला आलात?" ते म्हणाले.

मिस्त्री बसले नाहीत. घोकलेलं वाक्य त्यांनी बोलून टाकलं.

"कुलूप माझं होतं, साहेब. मी विसरलो."

साहेबांनी जावयांकडे बघितलं, मग दाराशी उभ्या मुलीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मिस्त्रींच्या ओळखीचा होता. त्यात आदर होता, आणि विश्वास जराही नव्हता.

"बसा, मिस्त्री. मी तुमच्या जागी असतो तर मीही आलो असतो. मुलीच्या संसाराचा प्रश्न आहे."

"मी संसारासाठी बोलत नाहीये."

त्यांनी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी ती घेतली, तुटक्या कुलपात घातली आणि फिरवून बघितली. फिरली नाही. मग बाजूची किल्ली घातली. कुलूप खट्कन उघडलं.

"हे यांचं आहे," साहेब म्हणाले, जमेल तितक्या मऊपणानं. "तुमचं कुठंय?"

"यांनी कचऱ्यात टाकलं."

"बाबा, माझ्यासाठी खोटं नका बोलू," जावई म्हणाले.

खोटं बोलणारा माणूस किती नीट बोलतो हे मिस्त्री त्या दिवशी शिकले. जावयांना सगळं माहीत होतं. तीन वाजून दहा मिनिटांनी कुलूप लावलं, ब्रेकच्या दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं, डावीकडचं जास्त होतं ते कमी केलं, साडेतीनला फोन आला, घाईत निघालो. साहेब लिहून घेत होते. मग त्यांनी मिस्त्रींना विचारलं, तुम्ही कुलूप किती वाजता लावलं? मिस्त्रींना सांगता येईना. काम कुठलं केलं? ब्रेकचं, असं मुलगी म्हणाली होती. कुठल्या बाजूचा? निघालात किती वाजता? कुठल्या जिन्यानं? मिस्त्री प्रत्येक प्रश्नाला आठवत नाही म्हणत गेले, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्यांचं खरं आणखी पातळ होत गेलं.

"माझं डोकं राहत नाही, साहेब," ते शेवटी म्हणाले. हे वाक्य त्यांनी घोकलेलं नव्हतं, आणि आजवर कुणापुढे, एकटे असतानासुद्धा, उच्चारलं नव्हतं. "वर्ष होत आलं. मधलंमधलं निघून जातं."

"मिस्त्री, मागच्या महिन्यात तुम्ही मला फोनवर नुसत्या आवाजावरून बिघाड सांगितलात."

"शेजारी हे बसले होते. यांनी सांगितलं असेल. विचारा."

जावई टेबलाकडे बघत राहिले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. चौकशी त्यांच्या दृष्टीनं संपली होती. ते म्हणाले, नियम तुम्हीच केलात, मला तो मोडता येत नाही, पण मी कागदात यांच्याबद्दल चांगलं लिहीन, गोदामात कुठे लावता आलं तर बघतो. एवढं बोलून त्यांनी फाइल ओढली.

मिस्त्रींनी तिच्यावर हात ठेवला.

"कागद द्या एक. मला ब्रेकचं सर्किट काढायला सांगा. मेन स्विचपासून ब्रेकपर्यंत, नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात येतं ते. मला येणार नाही. मग तर पटेल?"

"तुम्ही मुद्दाम चुकवाल."

मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. "चौतीस वर्षांत मुद्दाम चुकीची तार जोडली नाही कधी. कागदावरही जोडणार नाही. येईल तेवढं इमानानं काढीन."

"नको, बाबा," जावई म्हणाले. ते आता उठून उभे राहिले होते. "साहेब, नका देऊ त्यांना. मी सही करतो म्हटलंय ना? कुठं करायची सांगा."

त्या आवाजात काहीतरी होतं, त्यानं साहेब थांबले. त्यांनी जावयांकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग एक कोरा कागद मिस्त्रींपुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

मिस्त्री बसले. बाह्या दुमडल्या. येणार नाही हे सिद्ध करायलाच ते बसले होते, पण हातात पेन आलं आणि समोर कोरा कागद आला, तेव्हा त्यांना न येण्याची इच्छा धरता येईना. माणसाचा हात असा सहजासहजी बेइमान होत नाही. त्यांनी वरच्या कोपऱ्यात मेन स्विच काढला, चौकट, तिरपी दांडी, झोकात. तिथून रेघ खाली आणली. फ्यूज. पॅनेल. दारांचे कॉन्टॅक्ट, एकाखाली एक. रेघा सरळ येत होत्या. मध्ये एकदा ते थबकले, डोळे मिटले, आणि लगेच आठवलं तसे पुढे निघाले. आणि मग त्यांना जाणवलं की येतंय. सगळं येतंय. नेमक्या याच वेळी डोक्यानं दगा दिला नव्हता, आणि आता त्यांच्यावर कुणीही विश्वास ठेवणार नव्हतं. तरी त्यांनी हात आवरला नाही. शेवटची रेघ जोडली, खाली दोन रेघा मारल्या, पेन ठेवलं.

"आलं, साहेब," ते अपराध्यासारखे म्हणाले. "आता काय करू? पण कुलूप माझंच होतं हो. आईशपथ माझंच होतं."

साहेबांनी कागद स्वतःकडे फिरवला. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत होते.

"यात ब्रेक कुठंय, मिस्त्री?"

"हा काय." मिस्त्रींनी खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

तिथे मेन स्विच होता. चौकट, तिरपी दांडी, झोकात. कागदावर तो तिसऱ्यांदा होता.

मुलीनं दाराकडे तोंड फिरवलं. जावई पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी काळी नखं असलेले दोन्ही हात तोंडावर घेतले. साहेबांनी लिहिलेला कागद फाइलमधून काढून फाडला, सावकाश, आवाज न करता.

"कधीपासून?" त्यांनी जावयांना विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"आणि तुम्ही त्यांना शाफ्टमध्ये उतरू देत होता?"

जावयांनी तोंडावरचे हात काढले नाहीत. मिस्त्री एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. सगळे गप्प का झाले हे त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढला, खिशातून चष्मा काढून लावला, आणि मेन स्विचपासून सुरुवात करून रेघेवरून बोट फिरवत वरपासून खालपर्यंत तपासला. चूक कुठेच दिसेना.